वजा आठशे तेहतीस रुपये सत्तर पैसे

अमळनेर तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. सोबत चार महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि शाखेतल्या शुल्कफलकाचा मोबाइलवर काढलेला फोटो जोडला आहे. पत्र थोडक्यात असं:

«जळगावच्या एमआयडीसीत पाइपांच्या कंपनीत पाच वर्षं होतो. पगाराचं खातं एका खाजगी बँकेच्या जळगाव शाखेत. मागच्या वर्षी नोकरी सोडून गावी आलो, सहा एकर कापूस बघतो. मोटारसायकलचा २,८७० चा हप्ता त्याच खात्यातून जायचा. जूनमध्ये बियाणं-खतात पैसा गेला आणि हप्ते बाउन्स झाले. जुलैपासून हप्ता रोख भरतोय, तरी ऑगस्टला फायनान्सवाल्यांनी पुन्हा बँकेवर टाकला. किसान सन्मानचे दोन हजार आले, तेही गडप. आता खातं वजा ८३३ रुपये ७० पैसे. रोज फोन, भरा नाहीतर सिबिल खराब होईल, केस होईल. अमळनेरच्या शाखेत गेलो तर म्हणे जळगावला जा. घरात एकच प्रश्न, ‘पैसा गया कोठे?’ भरून टाकू का? दिवाळीनंतर कापूस सीसीआयला (सरकारी कापूस महामंडळाला) द्यायचा आहे. ते पैसेही हेच खातं गिळेल का?»

भाऊ, आज तरी भरू नका. पण फोन कट करून गप्पही बसू नका. तुमचं स्टेटमेंट आम्ही ओळ न् ओळ लावून पाहिलं. हिशेब नीट मांडला तर बँकच तुमचं देणं लागते असं दिसतं.

बँक ‘वजा ८३३’ असा एकच आकडा सांगते आणि माणूस त्या एका आकड्याशीच भांडत बसतो. त्या आकड्यामागे दहा कपाती आहेत. त्यातल्या काही कपाती नियमात बसतात, काही बसत नाहीत, आणि एक तर बँकेशी संबंधितच नाही. प्रत्येक ओळीचा मुद्दा वेगळा. सगळं एकाच अर्जात ‘अन्याय झाला’ म्हणून लिहिलंत की बँक सगळ्याला एकच उत्तर देते, ‘शुल्क नियमानुसार आहे’, आणि फाइल बंद होते.

आधी ओळी पाहू. १ जूनला खात्यात २,१४० होते. ५ जूनला हप्ता आला, पैसे कमी म्हणून परत गेला. परत जाण्याचं शुल्क ५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ९०, मिळून ५९०. उरले १,५५०. ८ जूनला फायनान्स कंपनीने तोच हप्ता दुसऱ्यांदा टाकला, पुन्हा ५९०. उरले ९६०. ३० जूनला ‘एएमबी’ नावाने ५९०. हा सरासरी किमान शिल्लक न ठेवल्याचा दंड. उरले ३७०. ५ जुलैला हप्ता परत, ५९०. खातं वजा २२०. ३१ जुलैला दंड, वजा ८१०. २ ऑगस्टला किसान सन्मानचे दोन हजार आले, शिल्लक १,१९०. ५ ऑगस्टला हप्ता परत, ६०० उरले. मग एसएमएसचे १७.७०, डेबिट कार्डाचे २३६. शिल्लक ३४६.३०. ३१ ऑगस्टला दंड ५९०, खातं वजा २४३.७०. ३० सप्टेंबरला पुन्हा दंड, वजा ८३३.७०.

म्हणजे हप्ता परतीचे चार वेळा मिळून २,३६०, किमान शिल्लकेच्या दंडाचे चार वेळा मिळून २,३६०, आणि किरकोळ २५३.७०. एकूण ४,९७३.७०. घरच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

आता ३१ ऑगस्टच्या ओळीवर बोट ठेवा. तुमच्या बाजूची सगळ्यात भक्कम ओळ तीच. त्या दिवशी सकाळी खात्यात ३४६.३० शिल्लक होते. दुसरा कुठलाही व्यवहार झाला नाही. फक्त किमान शिल्लकेचा दंड पडला आणि खातं वजा झालं. रिझर्व्ह बँकेने २० नोव्हेंबर २०१४ ला परिपत्रक काढून १ एप्रिल २०१५ पासून व्यापारी बँकांना बजावलं आहे की किमान शिल्लक न ठेवल्याच्या दंडामुळे, केवळ त्या दंडामुळे, बचत खातं वजा जाता कामा नये. इथे वजा होण्याला दुसरं कारणच नाही. सप्टेंबरची ओळही तशीच. आधीच दंडामुळे वजा झालेल्या खात्यावर आणखी दंड.

३१ जुलैच्या ओळीवर मात्र बँक वाद घालेल. म्हणेल, खातं आधीच वजा २२० होतं, ते हप्ता परतल्यामुळे, आमच्या दंडामुळे नाही. हे अर्धं खरं आहे. हप्ता परतीच्या शुल्काला वरचा नियम लागू होत नाही, तो फक्त किमान शिल्लकेच्या दंडापुरता आहे. पण वजा २२० चं वजा ८१० कशाने झालं? केवळ दंडाने. तेवढे ५९० मागायचेच. तुमचा युक्तिवाद ऑगस्ट-सप्टेंबरइतका घट्ट नाही, म्हणून अर्जात ही ओळ त्यांच्यानंतर लिहा, आधी नको.

या तीन ओळींचे १,७७० परत आले तर खातं वजा ८३३.७० वरून अधिक ९३६.३० वर येतं. म्हणून म्हटलं, भरू नका.

राहिली ३० जूनची ओळ. तुम्ही पत्रात लिहिलंय की अमळनेरच्या फलकावर किमान शिल्लक ५,००० आहे आणि दंड ‘कमतरतेच्या ६ टक्के किंवा ५०० रुपये, यांपैकी कमी ते’. मग दंड ५०० कसा? शंका रास्त आहे. पाच हजारांवर सहा टक्के म्हणजे खातं पूर्ण रिकामं असलं तरी तीनशेच. त्यापेक्षा जास्त दंड त्या हिशेबाने निघूच शकत नाही. जूनची तुमची सरासरी काढून पाहा: चार दिवस २,१४०, तीन दिवस १,५५०, तेवीस दिवस ९६०. बेरीज ३५,२९०, भागिले तीस, म्हणजे १,१७६.३३. पाच हजारांना कमी पडले ३,८२३.६७. त्याचे सहा टक्के २२९.४२, जीएसटीसह २७०.७२. बँकेने घेतले ५९०.

याचा अर्थ एकच दिसतो. संगणक तुमची किमान शिल्लक ५,००० नाही, १०,००० धरतोय. दहा हजारांना कमतरता ८,८२३.६७ येते, तिचे सहा टक्के ५२९, आणि ५०० ची कमाल मर्यादा लागून नेमके ५००. कारण खातं जळगाव शाखेचं आहे. रिझर्व्ह बँकेच्या वर्गवारीत एक लाखापासून दहा लाखांच्या आतल्या लोकसंख्येचं गाव ‘शहरी’, दहा हजारांपासून एक लाखाच्या आतलं ‘निमशहरी’. जळगाव पहिल्यात, अमळनेर २०११ च्या जनगणनेनुसार दुसऱ्यात. तुम्ही गावी आलात, खातं जळगावलाच राहिलं. फलक तुम्ही अमळनेरचा वाचलात, कपात झाली जळगावच्या दराने.

तेव्हा ‘दंड टक्केवारीने घेतला नाही’ असं भांडू नका. तिथे हराल. विचारायचं वेगळंच. पगाराचं खातं शून्य शिल्लकेचं होतं. काही महिने पगार जमा झाला नाही की बँक ते साध्या बचत खात्यात बदलते, तशी अट बहुतेक बँकांच्या फॉर्ममध्ये असते. पण किमान शिल्लक बदलणार असेल तर ग्राहकाला किमान तीस दिवस आधी कळवावं लागतं. आणि शिल्लक कमी पडल्यावरही लगेच दंड नाही. एसएमएस, ईमेल किंवा पत्राने सांगायचं, एक महिन्यात शिल्लक पूर्ववत करा नाहीतर दंड लागेल, आणि तो महिना उलटल्यावरच घ्यायचा. या दोन्ही सूचना कोणत्या तारखेला, कोणत्या नंबरवर पाठवल्या, ते बँकेने दाखवावं. कंपनीत असताना दिलेला नंबर आता बंद असेल तर बँक म्हणेल, आम्ही पाठवला. तेव्हा तुमचा नंबर बदलल्याचं बँकेला कधी कळवलंत ते आधी आठवून ठेवा. कळवलंच नसेल तर या ओळीचा फार आग्रह धरू नका, मिळाले तर मिळाले.

हप्ता परतीच्या चार ओळी. ५ जून आणि ५ जुलैची कपात खरी आहे, खात्यात पैसे नव्हते. ८ जूनची म्हणजे त्याच हप्त्याची दुसरी फेरी. बहुतेक बँकांच्या दरपत्रकात शुल्क दर फेरीला असतं, त्यामुळे हक्क म्हणून नाही, विनंती म्हणून मागा. बँका अशी एखादी कपात सौजन्य म्हणून सोडतात. पण अर्जाच्या शेवटी, वेगळ्या परिच्छेदात. हक्काच्या मागणीत विनंती मिसळली की हक्कही विनंतीसारखा वाचला जातो.

५ ऑगस्टची ओळ बँकेची चूकच नाही. जुलैपासून रोख हप्ता घेऊन पावती देणाऱ्या फायनान्स कंपनीने मँडेट (खात्यातून हप्ता आपोआप कापायला तुम्ही दिलेली परवानगी) चालू ठेवलं आणि पुन्हा टाकलं. ते ५९० त्यांच्याकडे मागा, रोख पावतीची प्रत लावून. त्यांच्याकडून कर्जाचं पूर्ण स्टेटमेंटही घ्या. तिकडेही ‘बाउन्स चार्ज’ आणि दंड लागला असणारच. नव्या कर्जांवर १ एप्रिल २०२४ पासून, आणि जुन्यांवर ३० जून २०२४ पर्यंत, दंडव्याज बंद करून दंडशुल्क आणलेलं आहे. ते मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. लावलेलं दिसलं तर तीही वेगळी तक्रार.

आणि मँडेट आजच रद्द करा. फायनान्स कंपनीला पत्र आणि बँकेत मँडेट रद्द करण्याचा अर्ज, दोन्हीकडे. मँडेटचा यूएमआरएन क्रमांक स्टेटमेंटच्या तपशिलात किंवा कर्जाच्या कागदांत सापडतो, तो अर्जावर लिहा. नुसतं ‘हप्ता बंद करा’ म्हटलं तर काउंटरवरचा माणूस चुकीचं मँडेट शोधत बसतो. हप्ता मात्र तारखेच्या आत रोख किंवा यूपीआयने जाऊ द्या. मँडेट बंद म्हणजे हप्ता माफ नव्हे.

किरकोळ दोन ओळी. एसएमएसचं शुल्क प्रत्यक्ष पाठवलेल्या एसएमएसनुसारच घ्यावं असं रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१३ मध्ये सांगितलं आहे. १५ रुपयांचा ठोक आकडा दिसला तर तिमाहीत किती एसएमएस पाठवले ते विचारा. १७.७० साठी वेगळा अर्ज करत बसू नका, त्याच अर्जात एक ओळ पुरे. कार्डाचे २३६ योग्य आहेत. कार्ड नको असेल तर पुढच्या वर्षाआधी परत करा.

अर्जाचं आता. जळगावला खेटे घालायची गरज नाही. अर्ज जळगाव शाखेच्या व्यवस्थापकाच्या नावे लिहा आणि अमळनेर शाखेतच द्या. घेत नसतील तर रजिस्टर एडीने पाठवा. मराठीत चालतो. दोन प्रती, एकीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि घेणाऱ्याची सही. ‘साहेब मीटिंगले गया, उद्या या’ हे आपल्याकडच्या शाखांत ऐकायला मिळतंच. आवक टेबल साहेबांशिवायही शिक्का मारतं, तेवढा मारून घ्या. सोबत तोच मजकूर बँकेच्या ॲपमधल्या किंवा वेबसाइटवरच्या तक्रार विभागात टाकून तक्रार क्रमांक मिळवा. पुढे उपयोगी पडतो तो हा क्रमांक. तोंडी बोलणं आणि कॉल सेंटरच्या पोरांशी घातलेला वाद तारखेत मोजला जात नाही.

मजकूर साधारण असा:

‘माझ्या बचत खात्यात दि. ३१ ऑगस्ट रोजी ३४६.३० रुपये शिल्लक असताना किमान शिल्लकेच्या दंडापोटी ५९० रुपये कापल्याने खाते केवळ त्या कपातीमुळे ऋण झाले. दि. ३० सप्टेंबर रोजी ऋण खात्यावर पुन्हा तीच कपात झाली. दि. ३१ जुलै रोजी ऋण २२० चे ऋण ८१० झाले तेही केवळ याच दंडाने. किमान शिल्लकेच्या दंडामुळे बचत खाते ऋण होऊ नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तरी या तीन कपातींचे १,७७० रुपये जीएसटीसह परत जमा करावेत. दि. ३० जूनच्या कपातीबाबत: पगार खाते सामान्य खात्यात बदलल्याची व किमान शिल्लक लागू झाल्याची सूचना, तसेच शिल्लक कमी झाल्याची एक महिन्याची सूचना, मला कोणत्या तारखेला व कोणत्या क्रमांकावर दिली, याची नोंद द्यावी. नोंद नसल्यास ती कपातही परत करावी. वाद मिटेपर्यंत खात्यावर नवे शुल्क लावू नये व वसुलीचे फोन थांबवावेत.’

‘जीएसटीसह’ हा शब्द गाळू नका. बँक ५०० परत करते, ९० विसरते. चार ओळींत ३६० रुपये असेच राहून जातात.

परिपत्रकाचा क्रमांक अर्जात लिहायच्या फंदात पडू नका. २०२५ च्या अखेरीस रिझर्व्ह बँकेने हजारो जुनी परिपत्रकं गोळा करून नवे एकत्रित निर्देश काढले आहेत. जुना क्रमांक लिहिलात की बँकेला ‘हे परिपत्रक आता लागू नाही’ असं उत्तर द्यायची सोय होते. नियम काय सांगतो ते लिहा.

तीस दिवस थांबा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. एकात्मिक लोकपाल योजना १२ नोव्हेंबर २०२१ पासून आहे, फी नाही, वकील लागत नाही. तक्रार सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या पोर्टलवर टाकता येते, किंवा कागदावर लिहून चंदीगडला: केंद्रीकृत पावती व प्रक्रिया केंद्र, भारतीय रिझर्व्ह बँक, चौथा मजला, सेक्टर १७, चंदीगड १६००१७. अडलं तर १४४४८ वर मराठीत बोलता येतं. सोबत शिक्क्याची प्रत, बँकेचं उत्तर आणि त्या चार महिन्यांचं स्टेटमेंट. वादाच्या ओळी पेनाने अधोरेखित करा.

लोकपालाकडच्या तक्रारी परत येतात त्या बहुतेक दोनच कारणांनी: बँकेकडे आधी लेखी तक्रार केलेली नसते, किंवा तीस दिवस संपायच्या आत पोर्टलवर टाकलेली असते. तिसरं कारण उशीर. तीस दिवस झाले की त्याच आठवड्यात टाका. दहापेक्षा जास्त शाखांच्या व्यापारी बँकांत अंतर्गत लोकपाल असतो आणि तक्रार नाकारण्याआधी ती त्याच्याकडे जावी लागते. नकाराच्या पत्रात तसा उल्लेख आहे का बघा. नसेल तर लोकपालाला लिहिताना तेही नमूद करा. जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही आहे, पाच लाखांपर्यंत तिथे फी नाही, पण दोन्हीकडे एकाच वेळी जाऊ नका. तिकडे दावा चालू असला की लोकपाल तक्रार घेत नाही. एवढ्या रकमेला लोकपालच बरा.

आता धमक्यांचं. ‘केस होईल’ हे दोन गोष्टी मिसळून सांगितलं जातं. हप्ता बाउन्स होण्याबद्दल पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ चं कलम २५ खरोखर आहे, चेक न वटण्यासारखंच. पण त्यासाठी फायनान्स कंपनीने तीस दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते आणि त्यानंतर पंधरा दिवसांत तुम्ही पैसे भरले नाहीत तरच पुढची पायरी. तुम्ही हप्ते रोख भरलेत, पावत्या जपून ठेवा. बँकेच्या स्वतःच्या शुल्काने वजा गेलेलं खातं हा गुन्हा नाही. वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर आला तर वेळ आणि नंबर लिहून ठेवा, तीही तक्रार होते.

सिबिलची भीती अगदीच खोटी नाही. वजा खातं काही बँका ओव्हरड्राफ्ट म्हणून नोंदवतात. प्रत्येक पतमाहिती कंपनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट देते, तो आत्ताच काढून बघा. चुकीची नोंद दिसली तर तिथल्या तिथे हरकत टाका. तीस दिवसांत दुरुस्त झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, हा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. मोटारसायकलच्या हप्त्यांची उशिराची नोंद मात्र खरी असेल तर राहील, तिथे बँकेशी भांडून काही होत नाही.

आणि कापूस. हे सगळ्यात घाईचं आहे, अर्जाच्याही आधी करा. सीसीआयचे पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात, किसान सन्मानचेही. तुमचं आधार अजून या वजा खात्याला जोडलेलं आहे, म्हणूनच ऑगस्टचे दोन हजार तिथे उतरले. मोबाइलवर *९९*९९*१# डायल करून आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते दिसतं. नंतर ज्या बँकेत तुमचा वाद नाही तिथे खातं उघडून आधार त्या खात्याला जोडायचा संमतीचा फॉर्म भरा. पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचं साधं बचत खातं शून्य शिल्लकेचं असतं. स्टेट बँकेने बचत खात्याची किमान शिल्लक २०२० मध्येच काढली, कॅनरा बँकेने जून २०२५ पासून, पंजाब नॅशनलने जुलै २०२५ पासून. कुठल्याही बँकेत ‘मूलभूत बचत ठेव खातं’ मागता येतं, त्याला किमान शिल्लकच नसते. पण त्या बँकेत तुमचं दुसरं बचत खातं असेल तर ते तीस दिवसांत बंद करावं लागतं. फॉर्म भरल्यावर काही दिवसांनी पुन्हा तोच नंबर डायल करून बँकेचं नाव बदललं का पाहा. बदललेलं दिसेपर्यंत सीसीआयच्या केंद्रावर माल घेऊन जाऊ नका. काटा झाल्यावर खातं बदलायला जाल तर पैसे जुन्याच खात्यात जातील, आणि ते मागून आणायला पुन्हा एक अर्ज.

हाच प्रश्न इतर वाचकांचाही असतो म्हणून दोन गोष्टी. खातं जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेत असेल, जळगावची असो की धुळे-नंदुरबारची, तर १ नोव्हेंबर २०२५ पासून त्याही बँका लोकपाल योजनेत आल्या आहेत. त्याआधी नव्हत्या, त्यामुळे ‘तिथे लोकपाल नसतो’ असं जुनं उत्तर मिळालं तर मान हलवू नका. पतसंस्था ही बँक नव्हे. तिच्या कपातीबद्दल तालुक्याच्या सहाय्यक निबंधकांकडे जावं लागतं. आणि मे महिन्याच्या शेवटी ४३६ आणि २० रुपये कापलेले दिसले तर ते शुल्क नाही. पहिले जीवनज्योती विम्याचे, दुसरे सुरक्षा विम्याचे. नको असतील तर बँकेत लिहून बंद होतात. पण बंद करण्याआधी घरात विचारा, वीस रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा असतो. ज्या बायकांच्या खात्यात लाडक्या बहिणीचे दीड हजार येऊन असेच दंडात गेले, त्यांनाही ३१ ऑगस्टच्या ओळीचा मुद्दा जसाच्या तसा लागू आहे.

भाऊ, शेवटचं, खातं बंद करण्याबद्दल. ‘आधी ८३३ भरा, मगच बंद करू’ असं ते म्हणतील. वादाचा निकाल लागण्याआधी बंद करायची घाई करू नका. खातं बंद असलं की पैसे परत न करायला बँकेला आणखी एक सबब मिळते. काही कारणाने भरावेच लागले तर पावतीच्या मागे आणि अर्जात ‘हरकत राखून भरले’ असं लिहा. पैसे परत जमा झाले की स्टेटमेंटवर चारही ओळींसमोर ५९० आहेत का तपासा, उरलेली रक्कम नव्या खात्यात वळवा, उरलेले चेक आणि कार्ड कापून परत करा, आणि खातं बंद झाल्याचं पत्र शिक्क्यासह घ्या. नुसता ‘झालं बंद’ हा शब्द घेऊन निघू नका. पुढच्या ऑगस्टला कार्डाच्या २३६ चा एसएमएस आला तर दाखवायला तेच पत्र लागेल.